काशा, तुझी ती सरकती पेटी

काशा, तुझ्यावर मी रागावलोय. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुझं कौतुक करायला लागलो की तू फुशारून जायचा नाहीस. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. पण असं म्हणणाऱ्यांना तुझ्यासारखा पेटीवाला भेटला नसणार.

परवा तुझी दशक्रिया झाली. फोटो कुठला लावला होता माहीत आहे? तुझ्या लेकीच्या, वैशालीच्या साखरपुड्यातला, फेटा बांधलेला. आयुष्यात एकदाच तू फेटा बांधलास आणि 'डोका आवळतंय' म्हणत जेवणाआधीच काढून माझ्या मांडीवर ठेवलास. तेवढ्यात कोणीतरी फोटो काढला होता, तोच निघाला. बाजूला तुझी पेटी, आणि तिच्यावरही कोणीतरी ओल्या फुलांचा हार घातलेला. भात्याला पाणी लागेल म्हणून तू एव्हाना आरडाओरडा केला असतास. तू काही बोलेनास, म्हणून मीच उठून हार काढला.

आपली पहिली भेट मी घरात इतक्या वेळा सांगितली आहे की आमचा अमोल ती माझ्याआधी संपवतो. तरी पुन्हा सांगतो, कारण तुझ्या तोंडून ती कोणी कधी ऐकलीच नाही. पनवेलात आमच्या आळीतल्या मारुतीच्या देवळात भजन होतं आणि आमचा पेटीवाला ऐन वेळी तापाने आडवा झाला. पखवाजावरचा पांडू म्हणाला, "आमच्या गावाचा काशा हाय, बंदरावर क्रेन चालवतो, त्याला हाक मारू का?" क्रेनवाला! मी तेव्हा चष्म्याच्या दुकानाचा मालक, शास्त्रीय संगीताच्या दोन परीक्षा दिलेला माणूस. मला हसू आलं. तू आलास तोच ड्यूटीवरून थेट, निळ्या डगल्यात, हातात जेवणाचा डबा. देवाला नमस्कार केलास, डबा खांबाला टेकवलास आणि मला विचारलंस, "बुवा, कंची?"

मी छाती पुढे काढून म्हणालो, "काळी चार."

भजनातलं ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेटीवर काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्या असतात. गाणारा ज्या पट्टीला आपला सा धरतो, ती त्याची पट्टी. आमच्याकडे भजनी बुवाची किंमत त्याच्या पट्टीवर ठरते आणि काळी चार म्हणजे उंच पट्टी. ती ज्याला झेपते तो मांडवात शिरताना जरा वेगळाच चालतो. मी तसा चालायचो. त्या दिवशी काळी चार खरी होती, काशा, हे तूही नाकारणार नाहीस.

त्या संध्याकाळी मला कळलं की साथ म्हणजे काय. तोपर्यंतचे पेटीवाले माझ्या मागून धावायचे किंवा माझ्या पुढे पळायचे. तू माझ्या शेजारून चालत होतास. मी तान अर्धवट सोडली की ती तू उचलून जागेवर ठेवायचास, आणि लोकांना वाटायचं की मी ती मुद्दामच तिथे सोडली. माझा श्वास संपायचा, तिथून तुझा भाता सुरू व्हायचा. भजन संपल्यावर लोक मला भेटायला आले आणि तू खांबापाशी बसून डब्यातली राहिलेली भाकरी खात होतास. मी म्हणालो, "वा काशिनाथ, छान वाजवता." तू म्हणालास, "वाजवला कुठं? तुमी गायलाव, मी ऐकला."

मग जे जमलं ते जमलं. 'तुमी' जाऊन 'तू' आलं, पण 'बुवा' काही सुटलं नाही. चिडलास की तर फारच बुवा.

आपण किती भजनं केली याचा हिशोब मी ठेवला नाही. तू तर बस कितीची चुकली हेसुद्धा लक्षात ठेवायचा नाहीस. चक्री भजनांना मात्र आपण दोघे हावरे होतो. एकाच मांडवात एकामागून एक मंडळं बसायची, प्रत्येक बुवाला ठरावीक वेळ. आपली पाळी झाली की तू निघायची घाई करायचास आणि मी दुसऱ्यांच्या चुका ऐकायला थांबायचो. जाताना रिक्षात पेटी तुझ्या मांडीवर, पांडूचा पखवाज पांडूच्या मांडीवर, आणि मंडळाचा मुख्य गायक ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या बुडावर. एकदा कळंबोलीच्या सर्कलला मी पडता पडता वाचलो, तेव्हा तू मागून ओरडलास, "अरे, सांबाल, सांबाल!" मला भरून आलं. मागे वळून बघितलं तर तू पेटीला धरून बसला होतास.

त्या मधल्या काळात तुमच्या गावाभोवती काय काय उभं राहिलं! खांदा कॉलनीच्या इमारती तुमच्या अंगणाला येऊन टेकल्या. शेतांची नावं पुसली जाऊन तिथे सेक्टरचे आकडे आले. तुझी पेटी मात्र बदलत नव्हती. आणि एक दिवस बदललीच. तू मुंबईला जाऊन नवी पेटी घेऊन आलास, सरकत्या फळीची. खालचा खटका सोडला की पट्ट्यांची अख्खी फळी डावी-उजवीकडे सरकते. बोटं त्याच पट्टीवर ठेवायची, पण सूर मात्र आतून खालचा नाहीतर वरचा निघतो.

मी दुकानात गिऱ्हाईक सोडून तुझ्याशी भांडलो, आठवतं? एक आजोबा डोळ्याला ट्रायलची फ्रेम लावून आपल्या दोघांकडे बघत बसले होते.

"काशा, ही पेटी नवशिक्यांची. सायकलला बाजूची दोन चाकं लावल्यासारखं झालं हे!"

"असूं दे."

"बाराही पट्ट्यांत वाजवणारा माणूस तू!"

"बोटा आता पहिल्यासारखी नाय रं. काली चारवर बसलेली हायत, थयच चालतात. दुसऱ्या कोनाची पट्टी असली का फली सरकवायची नि वाजवायचा."

"म्हणजे माझ्यासाठी सरकवायला नको."

"तुज्यासाठी कशाला? तुजी काली चारच हाय ना?" असं म्हणून तू आजोबांकडे वळलास. "बाबा, दिसतंय का?"

आजोबा म्हणाले, "दोन दोन दिसतायत."

मला तेव्हा एकही दिसला नाही, हे वेगळं सांगायला नको. दुसऱ्यांच्या डोळ्यांचे नंबर काढून पोट भरणारा माणूस मी.

त्या पेटीपायी तुला फार ऐकून घ्यावं लागलं, काशा. महिला मंडळाची बायजाबाई गायला बसली की तू सगळ्यांसमोर फळी सरकवायचास. शाळेच्या पोरांसाठी सरकवायचास. एखादा म्हातारा हौसेने उठला की त्याच्यासाठीही सरकवायचास. गावोगाव झालं, की काशा पाटलाच्या बोटांना एकच घर ठाऊक. शिरढोणकडच्या एका चक्रीत दुसऱ्या मंडळाच्या नामदेव बुवांनी तर माइकवरूनच टोला हाणला, "आमचा काशा पेटी वाजवत नाय, पेटी सरकवतंय!" मांडव हसला. नामदेव बुवांचा स्वभाव तसा वाईट नाही, पण माइक हातात आला की ते ऐकत नाहीत. तू पण हसलास. मी हसलो नाही. मी रागाने लाल झालो आणि तुझ्या वतीने सूड म्हणून काळी चारला असा काही गायलो, की नामदेव बुवांची मान खाली. तुझी बोटं काळी चारवर, माझा सा काळी चारवर, म्हणायला जागाच नव्हती कोणाला. घरी येऊन शुभाला म्हणालो, "या वयात काळी चार! पनवेल तालुक्यात दाखव दुसरा." ती म्हणाली, "आधी गॅसचा नंबर लावा."

तेव्हापासून आपला तो वाद सुरू झाला. दर भेटीत मी तुला म्हणायचो, अरे, एकदा, फक्त एकदा फळी न सरकवता वाजवून दाखव. कुठल्याही पट्टीत. लोकांची तोंडं बंद होतील. आणि तू म्हणायचास, "कशाला? भजन चाललाय ना?" मी म्हणायचो, माणसाला स्वाभिमान असावा. तू म्हणायचास, "हाय ना. घरी ठेवलाय." मी तुला भित्रा म्हटलं, आळशी म्हटलं, बोटांना तेल लाव म्हटलं. तो वाद तसाच राहिला, आणि तू निघून गेलास. वादात हरायची वेळ आली की लघवीला जाणारी माणसं मी पाहिली आहेत, पण तू कमालच केलीस.

मधे माझा घसा बसला होता, ते तर तुला आठवतच असेल. तापाने महिनाभर आवाज गेला. तू रोज ड्यूटीवरून यायचास, खडीसाखरेचा पुडा शुभाच्या हातात द्यायचास आणि पेटी काढून बसायचास. मी तोंड उघडलं की बोट वर करायचास. "गायचा नाय. ऐकायचा." तू मला माझीच भजनं ऐकवायचास, न गाता. बरा होऊन पहिल्यांदा गायला बसलो तेव्हा मला धडकी भरली होती. काळी चार धरली आणि गळा सरळ वर गेला, लोण्यातून सुरी जावी तसा. शुभाने जाहीर केलं की हा तिच्या अडुळशाच्या काढ्याचा गुण. पुढे कितीतरी वर्षं तिने आळीतल्या प्रत्येक बसलेल्या घशाला तो काढा पाजला. लोक तो पिऊन पळायचे, पण गुण येतो म्हणायचे.

आता ज्यासाठी रागावलोय, तिथे येतो.

तू गेलास तेव्हापासून दहाव्यापर्यंत रोज संध्याकाळी तुझ्या अंगणात भजन बसणार होतं. तुमच्या गावाची रीतच आहे ती, आणि तू तर भजनातलाच माणूस. पेटीवर कोण? वहिनी म्हणाल्या, "वैशू बसंल." वैशालीने डोळे पुसले, पेटी पुसली. फळी तिला जागेवरून सरकलेली दिसली. तिला वाटलं, आजारपणाच्या धावपळीत कोणाचा धक्का लागून खटका निसटला असेल. तिने ती नीट मधोमध आणून बसवली, खटका लावला आणि मला विचारलं, "काका, काळी चार ना?"

मी म्हणालो, "हो बाळा. आपली नेहमीची."

सुरुवात कशीबशी निभावली. वर जायची वेळ आली आणि माझा आवाज चिरला. चिरला म्हणजे काय, काशा, कोंबड्याची मान धरावी तसा आवाज निघाला. मी थांबलो. मग वहिनी रडायला लागल्या, त्यांच्या मागून सगळ्या बायका. सगळ्यांना वाटलं, मित्राच्या दुःखाने बुवांचा कंठ दाटला. मलाही तेच वाटलं. पांडू तेवढा पखवाजावर हातोडी मारत बसला होता, चामडं ताणून ताणून वर चढवत, घामाने डबडबलेला, आणि माझ्याकडे बघतही नव्हता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रडू आलं नव्हतं, दाटलं नव्हतं, नुसतंच पोचत नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी डोकं दुखतंय म्हणून गेलो नाही. घरी झोपाळ्यावर बसून स्वतःशी ठरवून टाकलं, की काशाबरोबर माझा गळाही गेला. असं होतं म्हणे. बैलजोडीतला एक गेला की दुसरा नांगराला उभा राहत नाही. मला त्यात थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू? लोक सांगतील, काशा गेला आणि बुवांनी गाणं सोडलं. नाटकात शोभेल असं होतं. फक्त वहिनींचा निरोप आला होता. दहाव्याला सगळी मंडळं येणार आहेत, नामदेव बुवासुद्धा, आणि शेवटचं भजन भाऊजींनी म्हणायचं. त्यांना काय सांगायचं?

चौथ्या दिवशी दुपारी पांडू दुकानात आला. चष्मा पुढे ठेवला. "कानाला टोचतंय, वाकवून दे."

मी वाकवला. तो गेला नाही.

"बुवा, तुजा गला गेलेला नाय."

"पांडू, तू ऐकलंस ना."

"मी पखवाज लावतो रं. पखवाज पेटीला लावावा लागतंय, तुज्या तोंडाला नाय. गला जागेवरच हाय. फली जागेवर आयली."

मला कळेना. त्याने काउंटरवर बोटाने दाखवलं. फळी इथे असते. तू ती माझ्या त्या तापानंतर एक घर, म्हणजे अर्धा स्वर, खाली घेतलीस. मग काही वर्षांनी आणखी एक. मग, गेल्या गणपतीच्या आधी, तिसरं. बोटं काळी चारवर, आणि आतून सूर पांढरी चारचा. "वैशूनं फली नीट केली नि तू खरोखरच्या काली चारला जाऊन आपटलास."

"तुला माहीत होतं?"

"मना नाय ठाऊक तर कोनाला? त्यानी मना शपथ घातली."

मी विचारलं, "मला का नाही सांगितलं त्याने?" माझा आवाज दुकानाबाहेर गेला असणार, कारण समोरचा पानवाला डोकावला.

पांडू चष्मा डोळ्यांवर ठेवून बघत होता, बसला की नाही ते. "मी इचारला होता एकदा. तो बोलला, सांगितला तर तो गायचा नाय. त्याला काली चार पायजे, मना त्याचा गाना पायजे."

मग म्हणाला, "नि त्याची बोटा? झ्याक होती. रोज सकाली बाराही पट्ट्या वाजवायचा. दार लावून."

तो गेल्यावर मी दुकान अर्ध्यावर बंद केलं. काशा, मला इतका राग आला तुझा! सुरात एवढंसं खोटं तुला चालायचं नाही. माझी तार जराशी उतरली तरी तुझी भुवई वर जायची. आणि तोच माणूस इतकी वर्षं माझ्या नाकासमोर... मला लहान मुलासारखं फसवलं! मी तालुकाभर बढाया मारत हिंडत होतो, आणि तू बाजूला बसून भाता हलवत होतास. आणि त्याच्याहून वाईट म्हणजे, माझी बढाई टिकावी म्हणून तू स्वतःच्या बोटांची बदनामी करून घेतलीस. माझा गळा थकायला लागलाय हे तापाच्याही आधी, पेटी घेतलीस तेव्हाच तुझ्या कानाला कळलं असणार. बोटं गेली, एकाच पट्टीवर चालतात, हे तूच पसरवलंस. म्हणजे तुझ्या फळी सरकवण्याचा कोणाला संशय यायला नको. नामदेव बुवा हसले तेव्हा तू हसलास, कारण तुझी युक्ती चालली होती.

घरी शुभाला सांगितलं. तिचा पहिला प्रश्न, "म्हणजे माझा काढा?"

"तुझा काढा काही नाही. फळी."

ती आत गेली, बाहेर आली. "बढाया तुम्ही मारायच्या आणि निभावायच्या त्याने. असा नवरा मिळायला हवा होता मला." मग पदराने डोळे टिपत म्हणाली, "जा, त्या पोरीला आधी सांगा. ती आपलंच काहीतरी चुकलं म्हणून रडत असेल."

ते खरं होतं. वैशाली समजून बसली होती की तिची साथ वाईट म्हणून काकांचा गळा बंद पडतोय. मी सगळं सांगितलं तशी तिने पेटी पुढे ओढली, खटका सोडला, फळी एक घर खाली. मी सा लावला. अजून एक. मग तिसरं. आणि काशा, तिसऱ्या घराला माझा गळा असा उघडला की स्वयंपाकघरातून वहिनी धावत आल्या. "ह्या बघा, आयला आवाज!" त्यांना आम्ही सांगितलं. त्या ओट्याला टेकून म्हणाल्या, "तरी मी बोलतंय, ह्यो रोज सकाली दार लावून काय वाजवतो!"

वैशाली म्हणाली, "काका, मी दहाव्याला फळी अशीच ठेवते. बोटं काळी चारवर. कोणाला कळणार नाही."

मी लगेच हो म्हणालो. यात विचार करण्यासारखं काय होतं? आवाज परत आला होता, काळी चारही परत आली होती, फुकटात. घरी येताना मी रिक्षात पुढे बसून गुणगुणत होतो.

दहाव्याला तळ्याकाठचा विधी आटोपून सगळे मांडवात आले. मंडळं एकेक करून बसली. तुला ऐकायला आवडलं असतं, सगळे आपापल्या परीने चांगले गायले, तुझ्यासाठी म्हणून असेल. नामदेव बुवा मनापासून गायले. नंतर माइक त्यांच्या हातात राहिला आणि ते तुझ्याबद्दल बोलायला लागले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. "काशासारखा सादा मानूस नाय. बोटा साथ देईनात, तरी त्यानी पेटी सोरली नाय. फली सरकवून सरकवून का होईना, शेवटपरत वाजवली." लोकांनी माना डोलावल्या. वहिनींनी खाली बघितलं. वैशालीने पण.

बुवांना तुझं भलंच म्हणायचं होतं, काशा. तेच मला सोसलं नाही. टोला असता तर मी गिळला असता.

माझं नाव पुकारलं. मी जाऊन बसलो. वैशालीची बोटं काळी चारवर तयार, फळी तीन घरं खाली. ती माझ्याकडे बघत होती. तंबोरा लागलेला, पांडूचा पखवाज लागलेला. मी माइक जवळ घेतला.

म्हणालो, "वैशाली, फळी जागेवर आण."

तिला वाटलं मी पुन्हा काळी चारला जाऊन आपटतोय. "काका?" ती पुटपुटली.

"आण. आणि पांढरी चार दे."

तिने खटका सोडला. फळी सरकल्याचा तो खट् असा आवाज माइकमधून सगळ्या मांडवात गेला. तिने बोटं काळ्या पट्टीवरून उचलली आणि पांढऱ्यावर ठेवली, उघड उघड, सगळ्यांना दिसतील अशी. मी नामदेव बुवांकडे बघून म्हणालो, "बुवा, काशाची बोटं शेवटपर्यंत शाबूत होती. बाराही पट्ट्यांत चालत होती. गळा माझा उतरला होता. फळी त्याने माझ्यासाठी सरकवली. मला कालपरवापर्यंत माहीत नव्हतं."

पुढच्या रांगेत अमोल बसला होता. ज्या पोराने 'काळी चार' हे दोन शब्द आपल्या बापाकडून जेवणाआधी आणि जेवणानंतर ऐकले, तो तोंड उघडं टाकून बघत होता. नामदेव बुवा मग खाली बसले, टाळकऱ्यांच्या रांगेत, माझ्या मागे, आणि बाजूच्याकडून टाळ मागून घेतले.

मी गायलो. तुला कसं वाटलं असतं, कोण जाणे. पांढरी चार ही काही लहान पट्टी नाही, हे मला गाताना कळलं. चांगली ऐसपैस आहे. वैशालीने साथ तुझ्या वळणाची केली नाही, तिच्या वळणाची केली, एक दोन ठिकाणी माझ्या पुढेही गेली. मी मागे राहिलो, तिला जाऊ दिलं. वहिनी शेवटच्या ओळीला मान हलवत होत्या.

तुला विचारायचं बरंच राहिलंय. चौथं घर कधी घेणार होतास? आणि पाचवं? सत्तरीत मला कुठवर उतरवत नेणार होतास? राग तसाच आहे, सांगून ठेवतो. त्याच्याखाली जे आहे ते लिहायला बसलो तर दुकान उघडायचं नाही.

जेवणाच्या पंगतीत मी वैशालीच्या बाजूला बसलो होतो. तुझ्या ओळखीचेच एक बुवा, नाव लिहीत नाही, तुला कळेल, हात धुऊन आले आणि तिच्यापाशी वाकले. "बाय, आमच्या मंडलाला पेटीवर येशील का? आमचा पेटीवाला पोराकडं पुन्याला गेला." ती म्हणाली, येईन की, पट्टी कुठली? बुवा म्हणाले, "काली चार." मग त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि आवाज खाली घेतला. "म्हंजे लोका तसा समजतात. तू ऐक, नि तूच ठरव."

मी मान वर केली नाही. आमटी घेतली आणि भात कालवत राहिलो.